घर वाळायला हिवाळाच उरला नाही

या पौषात दापोलीजवळच्या आमच्या घरी गेलो. कुलूप काढून आत शिरलो तर आईने सगळ्यात आधी माजघराच्या भिंतीला तळहात लावून पाहिला. ओल होती. पौष महिन्यात! तुळईवर वाळवीची मातीची रेघ पार आढ्यापर्यंत चढलेली.

कोकणातलं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मातीत रचलेलं घर चार महिने पाणी पितं आणि दिवाळी ते शिमगा वाळतं. पहाटेचा गारठा, दुपारचं कोरडं ऊन, वारा. याच दिवसांत खळं करायचं, सारवायचं, पेट्या-फडताळं उघडून उन्हात टाकायची. आता पाऊस दिवाळीपर्यंत हलत नाही, आणि गेला म्हणावं तर परत येतो. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान वादळ आलं तेव्हा सगळे म्हणाले, असं एखादंच वर्ष असतं. मग 2021 च्या डिसेंबरची सुरुवातच पावसाने झाली. अरबी समुद्र तापतोय, त्याची वाफ आमच्या भिंतीत मुरतेय.

थंडी नसल्याचा दुसरा फटका लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे घराचा खर्च आंबा काढायचा. थंडी उशिरा आली की मोहोर लांबतो. कैरी धरल्यावर पुन्हा थंडी पडली तर नवा मोहोर फुटतो आणि धरलेली कैरी गळते. बाग गेली की त्या वर्षीची कौलं, वासे, मजुरी, सगळंच पुढच्या वर्षावर.

आणि पुढचं वर्ष थांबत नाही. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ मी विसरू शकत नाही. पत्रे कागदासारखे उडाले, पोफळी मधोमध मोडल्या. 2025 ला तर आम्ही मृगाच्या हिशोबाने मेअखेरीस शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट लावायचं काम, काढली होती. छपराचं मागचं पाखं उघडं, कौलं अंगणात रचलेली, आणि मे संपायच्या आतच पाऊस कोसळला. रात्रभर ताडपत्री धरून उभे होतो. देवघरात पाणी.

अशा वेळी जो तो सांगतो, पत्रा टाक, सिमेंटचा गिलावा मार. माझं स्पष्ट मत आहे, करू नका. गिलाव्याने ओल आत कोंडते आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. पत्र्याखाली फाल्गुनातच जीव नकोसा होतो. त्यापेक्षा कडेच्या दोन ओळींची कौलं तारेने रिपांना (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना) बांधा, पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब न्या. आणि घर वर्षभर बंद ठेवू नका. पूर्वी चुलीचा धूर वाशांना लागायचा, लाकूड त्याने टिकायचं. घराच्या निम्म्या रोगाचं मूळ ते कुलूप आहे, हे आम्हा मुंबईकरांनी कबूल करायला हवं.

भरपाईचे पंचनामे होतात ते पडलेल्या घराचे. हळूहळू कुजणाऱ्या घराला कुठल्या रकान्यात लिहिणार?

यंदा चैत्र लागला की शाकारणी काढतोय. मागच्या दोन खोल्या गावातल्याच एका कुटुंबाला राहायला दिल्यात. भाडं नको म्हटलं, फक्त चूल रोज पेटू दे.