वाकळीचा कोट आणि हसणारी माणसे

आज सकाळी आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर एक व्हिडिओ आला. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या कॅनॉट बाजारात चहाच्या टपरीपाशी मित्रांसोबत उभ्या असलेल्या एका मुलाला कोणीतरी दुरून, त्याच्या नकळत टिपले होते. अंगात रंगीबेरंगी ठिगळांचा लांब कोट, डोळ्यांत काजळ, गळ्यात कवड्यांची माळ. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती आणि ‘याच्या घरात कोणी विचारणारे नाही का’ असा प्रश्नही होता. विचारणारे आहेत. तो माझा भाचा आहे, आणि त्या गटावर उत्तर देण्याऐवजी मी इथे लिहिते आहे, कारण इथे माझी माणसे आहेत.

ज्या कोटाला तुम्ही हसलात, तो माझ्या आईने शिवलेल्या वाकळीचा आहे. वाकळ विरली होती, कडांनी फाटली होती आणि टाकून देण्याच्या गाठोड्यात गेली होती. भाच्याने ती बाहेर काढली. शिंप्याकडे नेली, तेव्हा ‘हे काय कोटाचे कापड आहे का’ म्हणून त्याने ती परत केली. मग इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या या मुलाने आजीकडून धावदोरा शिकून घेतला आणि कित्येक रात्री बसून तो कोट स्वतःच्या हाताने शिवला. बाजारातून तयार कपडा आणून मिरवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. स्वतः शिवून घालणाऱ्याला मात्र संस्कार विचारले जातात.

तुळजापूरच्या वाटेवर आराधी बाईच्या गळ्यात हीच कवड्यांची माळ दिसली की आपले हात आपोआप जोडले जातात. पोतराज दारात येतो, तेव्हा त्या पुरुषाचे मोकळे सोडलेले लांब केस, कमरेचा घागरा आणि कपाळभर कुंकू पाहून कोणी व्हिडिओ काढून खिदळत नाही. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव तर आपल्याला हवाहवासा वाटतो. त्यांचा वेश देवाचा आणि पोटाचा आहे, माझ्या भाच्याचा केवळ हौसेचा, हे मला मान्य आहे. पण हौसेने कोणाचे काय बिघडले?

आणि हे सगळे कोणत्या शहरात घडते आहे? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पुरुषच आहे. त्याच्या मस्तकावर रत्नजडित मुकुट आहे, गळ्यात मोत्यांचा हार आहे, हातात नीलकमळ आहे. त्याची तसबीर दिवाणखान्यात लावून पाहुण्यांना अभिमानाने दाखवणारी माणसेच त्या गटावर आहेत. आपल्याकडचा हिमरू तरी कुठून आला? मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या विणकरांनी तो आणला असे परंपरा सांगते. म्हणजे रेशीम आणि सूत एकत्र विणलेले ते कापडही कधीतरी या मातीला परकेच होते. पैठणीचा पदर खांद्यावर मिरवणाऱ्या या मुलखाने काजळाच्या एका रेघेला घाबरावे, याचा मला मनापासून राग येतो.

तोक्योच्या हाराजुकू भागात दर रविवारी एक मोठा रस्ता वाहनांसाठी बंद ठेवला जात असे. १९९८ पर्यंत ही प्रथा चालली. तिथे तरुण मुले-मुली स्वतः रचलेले चित्रविचित्र वेश घालून उभी राहत, नाचत, एकमेकांना पाहत, आणि पुढे तोच भाग जगभर त्याच पेहरावासाठी ओळखला गेला. आपल्या मुलांना असा रस्ता कोण देणार? त्यांच्या वाट्याला कॅनॉटची टपरी, निराला बाजारातली एखादी पायरी आणि विद्यापीठाच्या आवारातली सावली एवढेच आहे, आणि तिथेही मोबाइल रोखलेले. भाच्याच्या गटातली एक मुलगी केस अगदी बारीक कापून, वडिलांच्या धोतराची सैल विजार शिवून घालते. तिच्या स्कूटीमागे टवाळखोर चौकाचौकांतून गाड्या घालतात. या कपड्यांतला काही भाग निव्वळ रीलसाठी असतो, तेही खरे. पण म्हणून तिच्या मागे गाडी घालण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून त्या कोटाची आणखी एक गोष्ट सांगते. तो पूर्ण झाला, तेव्हा भाच्याने तो प्रथम आजीपुढे घातला. आई नव्वदीला टेकली आहे, तिला फारसे दिसत नाही. तिने त्याला जवळ ओढले आणि बोटांनी एकेक ठिगळ चाचपू लागली. “ही माझ्या मायच्या इरकलीची हाय. ही तुझ्या मावशीच्या परकराची. अन् हे रे लेकरा, तुझ्या आज्याच्या फेट्याचं.” माझ्या वडिलांचा फेटा त्या वाकळीत होता, हे इतकी वर्षे आम्हा मुलींपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. वाकळ अशीच गाठोड्यात राहिली असती, तर ते कधी कळलेही नसते. मुलाखतीला तो हा कोट घालणार नाही, एवढी समज त्याला आहे आणि ती त्याला कोणी शिकवावी लागलेली नाही.

ज्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांनी तो आज रात्रीपर्यंत काढून टाकावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. चेहरा माझ्या भाच्याचा आहे आणि त्याला विचारल्याशिवाय तो कोणीही फिरवायचा नाही. त्याच्या तीन मित्रांनाही आता असेच कोट शिवायचे आहेत. तुमच्या घरी विरलेली लुगडी, जुने फेटे, फाटक्या वाकळी पडून असतील, तर बोहारणीला देण्याआधी मला कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन; फक्त कापड कोणाचे होते, तेवढे चिठ्ठीवर लिहून ठेवा.