चांगला एपीआय बिघडवावा कसा

मोबाइलच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे एपीआय, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांनी सिस्टिमकडून कामं करून घ्यायच्या ठरलेल्या आज्ञा, लिहायचं काम तुमच्याकडे आलंय ना? मग आधी एक गैरसमज काढून टाका. एपीआय म्हणजे डेव्हलपरला दिलेलं वचन, असं कोणीतरी तुमच्या डोक्यात भरवलं असेल. वचन उघड मोडलं की लोक बोंब मारतात. म्हणून मेथडचं, म्हणजे त्यातल्या एकेका आज्ञेचं, नाव तसंच ठेवायचं आणि आतलं वागणं बदलायचं. कोड कंपाइल होतो, टेस्ट हिरव्या दिसतात आणि ॲप बिघडतं ते थेट ग्राहकाच्या हातात. शिव्या डेव्हलपरला. तुमचं नाव कुठेच नाही.

गिरवायला अँड्रॉइडचा असिंकटास्क घ्या, ॲपची कामं पडद्यामागे उरकणारा क्लास (एका कामाच्या मेथड्सचा गठ्ठा). सुरुवातीला तो कामं एकामागून एक उरकायचा. अँड्रॉइड 1.6 मध्ये तीच कामं अनेक थ्रेडवर, म्हणजे समांतर रांगांत, एकदम करू लागला. 3.0 आलं आणि ये रे माझ्या मागल्या, पुन्हा एकामागून एक! या सगळ्यात त्याला कामाला लावणारी एक्झिक्यूट ही मेथड जिथल्या तिथे. इतकं तळ्यात-मळ्यात खेळून झाल्यावर 2020 मध्ये, अँड्रॉइड 11 बरोबर, अख्खा क्लासच डेप्रिकेटेड, म्हणजे 'यापुढे वापरू नका'.

पण खरी कारागिरी पाहायची तर गजराची. सांगितलेल्या वेळेला वाजावं, यापलीकडे गजराकडून कोणाची काही अपेक्षा नसते. समजा, औषधाच्या गोळीची आठवण देणारं ॲप आहे. रात्री आठची गोळी, आठला आठवण. 2013 पर्यंत त्याला 'सेट' ही मेथड पुरायची. मग 4.4 आलं आणि 'सेट'चा अर्थ झाला 'आठच्या पुढे, सवडीने'. नेमकी वेळ हवी असेल तर नवी मेथड, 'सेटएक्झॅक्ट'. डेव्हलपरने निमूटपणे बदल केला. 6.0 मध्ये डोझ, म्हणजे बॅटरी वाचवायला फोनने घ्यायची डुलकी, आला: फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो नुसता पडून असेल, तर 'एक्झॅक्ट'सुद्धा एक्झॅक्ट नाही. त्यावर उपाय 'सेटएक्झॅक्टअँडअलाऊव्हाइलआयडल'. हे नाव एका दमात म्हणता आलं तरी डोझमध्ये तो गजर एका ॲपला नऊ मिनिटांतून एकदाच मिळतो. आजोबांच्या दोन गोळ्या पाच मिनिटांच्या अंतराने असतील तर डॉक्टरांनाच वेळ बदलायला सांगायचं.

अजून संपलं नाही. अँड्रॉइड 12 पासून नेमक्या गजराला वेगळी परमिशन लागते. 13 मध्ये आणखी एक आली, पण ती गजर आणि कॅलेंडरवाल्यांसाठी. गोळीची आठवण हा गजर धरायचा की नाही, यावर ॲप स्टोअरच्या परीक्षकाशी वाद घालण्यातली मजा औरच. 14 मध्ये पहिली परमिशन बहुतेक नव्या ॲप्सना मुळातच बंद. आता आजोबांनी सेटिंग्जमध्ये शिरून ती स्वतः चालू करायची. आठवण चुकली की एक स्टार मात्र ॲपला.

परमिशनचं नाव आणि काम यांचा संबंध ठेवू नका, हेही इथेच सांगून टाकतो. 6 ते 11 या आवृत्त्यांत ब्लूटूथवर आसपासची उपकरणं शोधायची तर लोकेशनची परमिशन मागावी लागे. वापरणारा विचारणारच, 'माझ्या वजनकाट्याला माझा पत्ता कशाला हवा?' याचं तांत्रिक कारण आहे आणि ते खरंही आहे (आसपासच्या बीकनवरून, म्हणजे ब्लूटूथ सिग्नल सोडणाऱ्या छोट्या उपकरणांवरून, माणूस कुठे आहे ते कळू शकतं). पण ते सांगायला तुम्ही तिथे नसता. संशय डेव्हलपरवर येतो.

आकड्यांत फार डोकं घालवू नका, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेने ते काम करून ठेवलंय. कॅलेंडरमध्ये महिने शून्यापासून, तारखा एकपासून, वारही एकपासून. तारीख निवडायच्या खिडकीतही तसंच ठेवा, म्हणजे मार्चमध्ये जन्मलेला माणूस सर्व्हरवर फेब्रुवारीत जन्मतो. ॲपलवाल्यांनीही आपल्या परीने हातभार लावलाय: स्क्रीनवर बटणं वगैरे मांडणाऱ्या यूआयकिटमध्ये मोजमापाचं शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, चित्रं काढणाऱ्या कोअर ग्राफिक्समध्ये खालच्या. चित्र उलटं दिसलं की समजायचं, दोघांची भेट झाली.

एकाच नावाचे दोन क्लास हवेतच. अँड्रॉइडमध्ये स्क्रीनचा एखादा भाग सांभाळणारा फ्रॅगमेंट घ्या: एक सिस्टिमचा, एक सपोर्ट लायब्ररी या जोडसंचातला. कोडमध्ये चुकीचा इम्पोर्ट झाला की कोड तपासणारा कंपायलर गंभीरपणे सांगतो, फ्रॅगमेंटचं रूपांतर फ्रॅगमेंटमध्ये होत नाही. यापेक्षा सुंदर एरर मेसेज मी तरी वाचलेला नाही.

राहिलं डॉक्युमेंटेशन. वागणं बदलल्याची नोंद करायची, पण ती मेथडच्या शेजारी नको. आवृत्तीच्या घोषणेत, 'इतर बदल'मध्ये, लांब खाली. आणि मेथडशेजारी कारण लिहायची खुमखुमी आलीच, तर अँड्रॉइडची 'इजयूझरअगोट' पाहा. ॲप वापरणारा बकरी आहे का, हे सांगणारी ही मेथड 2012 पासून आहे. चेष्टा नाही, खरीच आहे. 5.0 मध्ये ती फोनवर बकरीचा एक ठरावीक गेम दिसला की 'हो' म्हणू लागली. अँड्रॉइड 11 पासून तिचं उत्तर कायम 'नाही', आणि तसं का, हे तिच्या वर्णनातच स्पष्ट लिहिलंय: बकऱ्यांची गोपनीयता जपण्यासाठी. म्हणजे वागणं बदललं की तिथल्या तिथे कारण देता येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तुम्ही ही सोय बकऱ्यांपुरतीच ठेवा.