पैसा कुठे पोचला, हे सांगायला कोण येणार?

१ जुलैला रोटरीचं वर्ष बदलतं, लायन्सचंही तेव्हाच. त्यामुळे जुलै उजाडला की सांगलीत, मिरजेत, तासगावात, विट्यात पदग्रहण समारंभांची रांग लागते. नवे अध्यक्ष, नवे सचिव, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, सरत्या वर्षातल्या प्रकल्पांची यादी. हे फोटो मला इथे यॉर्कशायरमध्ये सकाळच्या चहाबरोबर मिळतात, आणि त्यांच्यामागून आमच्या शाळेच्या गटातला वादही येतो.

यंदा तो चांगलाच तापला. एका मैत्रिणीनं लिहिलं: हॉलचं भाडं, जेवण, शाली, स्मृतिचिन्हं, पाहुण्यांच्या गाडीचा खर्च, हे सगळं बंद करा आणि तो पैसा जत किंवा आटपाडीतल्या एखाद्या शाळेला द्या. भाषणं ऐकून कोणाचं पोट भरलंय? क्लबात बरीच वर्षं काम केलेल्या एका मित्रानं उत्तर दिलं: जेवणाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून होतो, देणगीच्या रुपयाला आम्ही हात लावत नाही. आणि चार माणसं एकत्र येतात ती वक्त्याच्या निमित्तानं. माणसं आलीच नाहीत तर पैसा कुठून येणार?

दोघांशीही मी अर्धी सहमत आहे. खर्च कमी व्हायला हवा हे उघड आहे. पण भाषणं बंद करण्याला माझा ठाम विरोध आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं ते सांगलीत. मंचावरून बोलणं आणि समोर बसून ऐकणं या गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि ते मोडून हातात काही येणार नाही. मला बदल हवा आहे तो मंचावर कोणाला बसवायचं यात. ज्याच्या हाती आपला पैसा गेला, त्यानंच पुढच्या वर्षी आपल्यासमोर उभं राहून बोलावं. आज तो माणूस मंचावर येतो तो फक्त धनादेश घेण्यापुरता, फोटो होईपर्यंत.

हे मला सुचलं ते इथल्या एका साध्या क्लबात. लीड्सजवळच्या ज्या गावात मी राहते, तिथल्या रोटरी क्लबाची मी सभासद नाही. माझी शेजारीण आहे, तिच्याबरोबर अधूनमधून बैठकीला जाते आणि वर्गणीच्या दिवशी सुपरमार्केटच्या दाराशी बादली घेऊन उभी राहते. त्यांच्या बैठकीला येणारे वक्ते कोण असतात? हॉस्पिसमधली, म्हणजे मरणपंथाला लागलेल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेतली नर्स. डोंगरात अडकलेल्यांना उतरवून आणणाऱ्या पथकातला बिनपगारी स्वयंसेवक. हवाई रुग्णवाहिकेसाठी पैसा उभा करणारी बाई. इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकेची हेलिकॉप्टरं मुख्यतः धर्मादाय संस्थाच चालवतात आणि हॉस्पिसच्या खर्चाचा मोठा भाग लोकांच्या देणग्यांतून येतो. सरकारी आरोग्यसेवेच्या या देशात ते पुष्कळांना ठाऊकच नसतं. अशा बैठकीतच कळतं.

वक्त्याला साधारण वीस मिनिटं, मग प्रश्न. एका संध्याकाळी हॉस्पिसच्या बाईंचं बोलणं संपल्यावर एका निवृत्त हिशेबनीसानं विचारलं, तुमच्या गंगाजळीत किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे? आणि निधी गोळा करणाऱ्या पगारी माणसांवर तुम्ही किती खर्च करता? मी अवघडून गेले, कारण आपल्याकडे पाहुण्याला कोणी असं विचारत नाही. बाईंनी मात्र शांतपणे पिशवीतून कागद काढला आणि आकडे वाचून दाखवले. त्यांना त्यात अपमान वाटला नाही. उलट पुढच्या वेळी त्या न बोलावताच आल्या, दिलेल्या पैशांतून काय घेतलं ते सांगायला. इंग्लंड-वेल्समधल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थांची माहिती चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत घरबसल्या पाहता येते. तरीही लोक समोरासमोर विचारतात, कारण कागद वाचणं वेगळं आणि माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

आता आपल्याकडचा शिरस्ता बघा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (तो बहुतेकदा भाषणाइतकाच लांब), सत्कार, भाषण, अध्यक्षीय मनोगत, आभारप्रदर्शन. प्रश्नांना यात कुठे जागाच नाही. पाहुणा बहुधा अधिकारी, उद्योजक, नट किंवा प्रेरणादायी बोलणारा. तो यशावर बोलतो आणि टाळ्या घेऊन जातो. मिरजेतल्या रुग्णालयाला मागच्या वर्षी क्लबानं डायलिसिसचं यंत्र दिलं असेल, तर ते यंत्र चालवणारा तंत्रज्ञ या मंचावर कधीच दिसत नाही. महिन्याला किती रुग्णांना ते लागतं, देखभालीचा करार कोणी केलाय, पाणी शुद्ध करायची यंत्रणा नीट चालते का, हे त्याला माहीत असतं. मला त्याचं भाषण ऐकायचंय. १८९४ पासून मिशन हॉस्पिटल असलेल्या मिरजेत अशी कामाची माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

पैसा जमवण्याची आपली पद्धतही याच साच्यात बसलेली आहे. मुख्य आधार स्मरणिका, तिच्यातल्या जाहिराती, आणि नाटकाच्या किंवा गाण्याच्या चॅरिटी शोची तिकिटं. सभासद पावतीपुस्तक घेऊन मार्केट यार्डात जातो. हळदीचा, बेदाण्याचा व्यापारी ओळखीखातर पान घेतो, कारण उद्या त्याच्याच मुलाच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी याला पान घ्यावं लागणार असतं. ही भिडेची देणगी. ती मिळते, मोठीही असते, पण देणारा पैसा देऊन विसरतो. कशासाठी दिला हेच त्याला आठवत नसेल, तर तो पुढे विचारणार काय? सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यानुसार हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात, चांगले क्लब ते चोख देतातही. पण पान घेणारा व्यापारी ते पाहायला कधी जात नाही.

इथली बादली त्याच्या उलट. एक पौंड, दोन पौंड, लहान मुलांच्या हातून सुटे पैसे. बादली सीलबंद असते. रस्त्यावर वर्गणी मागायची तर नगरपालिकेचा परवाना लागतो आणि किती जमले याचा हिशेब नंतर तिथे द्यावा लागतो. करदात्यानं एका फॉर्मवर सही केली की त्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. आपल्याकडे आयकरातली सवलत देणगीदाराला मिळते, इथे भर संस्थेच्या पदरात पडते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान देणगीदारालाही त्यामुळे आपल्या पौंडाचं मोल वाढल्यासारखं वाटतं, आणि तो दाराशी थांबून विचारतो, यातून काय करणार आहात?

हे परदेशी शहाणपण आहे असं मात्र कोणी समजू नये. लहान देणगीची ताकद आपल्याच मुलखानं दाखवली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात ती वाढवली, ती मुष्टिफंडावर. घराघरातून मूठमूठ धान्य. ज्या घरानं मूठ दिली, त्या घराला वसतिगृहातली मुलं आपली वाटत. त्यांच्या निकालाची चौकशी गावातली बाई करत असे, कारण त्यांच्या ताटात तिची भाकरी होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याच मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. सांगली-सातारच्या कुठल्याही क्लबाला निधीसंकलनाचा धडा घ्यायला रोटरीच्या जन्मगावी शिकागोपर्यंत जायची गरज नाही.

उलट बाजूही सांगते, कारण इथलं सगळं सोनं आहे असं भासवणं अन्यायाचं होईल. आमच्या गावच्या क्लबात तरुण माणूस क्वचितच दिसतो. खुर्च्या दर वर्षी कमी होतायत. शिवाय या देशात निधी गोळा करणं हाच एक मोठा व्यवसाय झाला, आणि वृद्धांना पत्रांचा, फोनचा भडिमार सोसावा लागला. त्यावरून २०१५ साली मोठा गदारोळ झाला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी स्वतंत्र नियामक आला. आपल्या क्लबांना ही कीड लागलेली नाही. सभासद स्वतः दारोदार जातो, स्वतः उन्हात उभा राहतो.

आणि पाण्यात उतरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. मी इथे फोन हातात घेऊन रात्र रात्र जागी होते. आई विश्रामबागला, तिच्या शेजारी गावभागातून आलेली दोन कुटुंबं. त्यांच्यापर्यंत दूध, औषधं, कोरडे कपडे घेऊन पहिल्यांदा पोचली ती क्लबातली, मंडळांतली, गल्लीतली माणसं. हे मी विसरणार नाही. माझ्या मैत्रिणीनं सगळ्या क्लबांना ‘फोटो क्लब’ म्हटलं, ते मला म्हणूनच लागलं. पोलिओचंही तसंच. रोटरीनं १९८५ साली जगभर हे काम हाती घेतलं, आणि पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर आरोग्यसेविकांच्या शेजारी बसलेले आपल्याकडचे सभासद मी लहानपणी पाहिले आहेत. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ चा, २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. यात फोटोपुरतं काही नव्हतं.

पण त्याच पुरात आईनं दुसरंही पाहिलं. बाहेरगावांहून जुन्या कपड्यांचे ढीग आले, काही इतके फाटके की कोणी हात लावेना. बिस्किटांचे पुडे आले. पाणी ओसरल्यावर हवे होते ते झाडू, फिनेल, ब्लीचिंग पावडर, शेगड्या, गाद्या, मुलांची वह्या-पुस्तकं. सांगणारं कोणी नव्हतं, कारण मदत करणारे आणि मदत घेणारे एका ठिकाणी बसून कधी बोललेच नव्हते. पूर २००५ साली येऊन गेला होता, २०२१ साली पुन्हा आला. २००५ आणि २०१९ या दोन मोठ्या पुरांच्या मधल्या चौदा वर्षांत किती भाषणं झाली असतील! त्यातलं एक जरी हरिपूरच्या किंवा गावभागाच्या एखाद्या पूरग्रस्त बाईचं असतं आणि विषय ‘आम्हाला तेव्हा काय लागलं’ एवढाच असता, तर ट्रक भरणाऱ्यांनी वेगळं सामान भरलं असतं.

परदेशातून पैसे पाठवणाऱ्या आम्हा लोकांनाही हेच लागू आहे. २०१९ साली आमच्या इथल्या मराठी गटानं वर्गणी काढली, आणि मग परदेशी देणग्यांच्या कायद्यापाशी (एफसीआरए) अडकलो. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याचा ठरतो, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड का असेना. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. नियम कडक आहेत याची तक्रार आमच्यातले बरेच जण करतात. मी करत नाही. कोणाला द्यायचं हे आधी नीट बघूनच ठरवावं लागतं, हा त्यातला फायदा आहे. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँट या अनुदानालाही गावात जाऊन गरज तपासल्याचा अहवाल आधी द्यावा लागतो आणि दोन देशांतले क्लब भागीदार असावे लागतात. आमच्या इथल्या क्लबाला सांगलीकडचा एखादा क्लब जोडून द्यायची माझी खटपट चालू आहे, आणि तिथल्या लोकांचा पहिला प्रश्न हाच होता: काम करणारी माणसं आमच्याशी व्हिडिओवर बोलतील का?

बायकांबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोटरीनं जगभरच्या क्लबांना बायकांना सभासद करून घ्यायची मुभा दिली ती १९८९ साली. त्याच्या कितीतरी आधी, १९२४ साली, मँचेस्टरमध्ये रोटेरियनांच्या बायकांनी इनरव्हील काढलं. आज आपल्याकडे दोन्हीकडे बायका आहेत आणि गरजेची खरी माहिती बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असते. मंचावर मात्र त्या अजूनही पुष्पगुच्छ देताना जास्त दिसतात.

क्लबातल्या मित्राला मी हे सगळं लिहिलं. त्यानं रागावून फोन केला नाही, विचार करून केला. म्हणाला, “अगं, मोठा पाहुणा नसला तर लोक येणार नाहीत, आणि प्रश्न विचारले तर पाहुणा पुन्हा येणार नाही.” पहिली अडचण खरी आहे. म्हणून मी म्हटलं, मोठा पाहुणा ठेव. त्याच्या आधीची वीस मिनिटं मागच्या वर्षी मदत मिळालेल्या माणसाला दे, आणि त्यानंतर दहा मिनिटं सभेला विचारू दे. रोटरीत जी चार प्रश्नांची, १९३२ साली तयार झालेली कसोटी सांगितली जाते, तिच्यातला पहिलाच प्रश्न ‘हे खरं आहे का’ असा आहे. तो सभेत मोठ्यानं विचारला जाऊ दे.

तो म्हणाला, कार्यकारिणीपुढे ठेवतो. यंदा आमच्या गटातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांची वर्गणी त्याच क्लबाकडे जाईल. सोबत आम्ही दोनच गोष्टी मागितल्या आहेत: पैसा ज्या शाळेला जाईल तिथल्या मुख्याध्यापिकेला पुढच्या जुलैत मंचावर बोलावणं, आणि तिला शालीऐवजी माइक देणं.