खुलासा: यहुदी धर्म स्वीकारताना ‘अब्राहम’ किंवा ‘सारा’ हेच नाव घ्यावं लागत नाही

“यहुदी धर्म स्वीकारला की पुरुषाला अब्राहम आणि बाईला सारा हेच नाव मिळतं, पासपोर्टही बदलावा लागतो,” असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

स्वतःचं हिब्रू नाव माणूस स्वतः निवडतो, बहुतेकदा रब्बींशी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंशी, बोलून. रूढीने ठरलेलं असतं ते वडिलांच्या जागचं नाव: ‘बेन अव्राहाम अविनू’, म्हणजे ‘आपला पिता अब्राहम याचा मुलगा’. मुलीसाठी ‘बेन’ऐवजी ‘बात’. आईच्या जागी अब्राहमची पत्नी सारा येते. मेसेजमधला घोळ इथलाच दिसतो.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या यहुदी विद्वानाचं पत्र आजही वाचायला मिळतं. यहुदी झालेल्या एकाने त्याला विचारलं होतं, प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असं मी म्हणू शकतो का? उत्तर आलं, जरूर म्हण, अब्राहम तुझाही पिता आहे. मला हे पत्र फार जवळचं वाटतं. त्या माणसाचं नाव मात्र ओवाद्या होतं. बायबलमधली रूथ, यहुद्यांत सामील झालेली मवाब देशाची बाई, तीही शेवटपर्यंत रूथच राहिली.

हे हिब्रू नाव तोराह या धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावताना आणि केतुबा म्हणजे विवाहकरारात लागतं. पासपोर्टवरचं नाव बदलायची धर्माची अट नाही. दोन नावं आपल्याकडेही नांदलीच की: मुंबईत 1796 साली सिनेगॉग म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ उभारणारे, बेने इस्रायली या इथल्या यहुदी समाजातले शमुएल दिवेकर मराठीत सामाजी होते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.