‘बिलिंगला क्रिप्टो जोडा, कर वाचवा’: माझ्या भावापर्यंत पोहोचलेल्या मेसेजला उत्तर

रविवारी रात्री साडेदहाला धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, एक मेसेज पाठवलाय, बघ ना. यातलं खरं किती?" मेसेज वाचून मी चिडलेच होते. पण त्याचं पुढचं वाक्य ऐकून झोपच उडाली. मेसेज येऊन तीन आठवडे झाले होते, त्याने बिलिंगला क्रिप्टोत पैसे घेणारं प्लगिन जोडूनही टाकलं होतं, आणि बर्लिनच्या एका गिऱ्हाइकाने ४०,००० रुपयांचं बिल यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या एका क्रिप्टोत, भरलंही होतं.

भाऊ सांगलीत वेबसाइट करून देतो, होस्टिंग आणि देखभालीचं वर्षाचं काम घेतो. साठ-सत्तर गिऱ्हाइकं आहेत, त्यातली आठ-दहा परदेशातली. बिलं सॉफ्टवेअरमधून आपोआप जातात, यूपीआय, कार्ड किंवा बँकेतून पैसे आले की बिलावर ‘भरले’ असं पडतं. मी गेली चौदा वर्षं छोट्या धंदेवाल्यांची जीएसटीची आणि आयकराची रिटर्न भरते. त्याचीही मीच भरते, आणि तरी हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचा सारांश असा: आहे त्या बिलिंगला क्रिप्टोचं बटण जोडा, कर लागत नाही, बँकेला कळत नाही, फी शून्य, पैसे परत मागता येत नाहीत, भाव वाढला तर वर फायदा, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये क्रिप्टोला मान्यता दिली आहे, आणि एक अख्खा देश बिटकॉइनवर चालतो.

सगळ्यात घातक वाक्य ‘कर लागत नाही’ हे, म्हणून आधी तेच घेते.

आयकर कमाईवर लागतो. ती कमाई कोणत्या रूपात हातात आली याने फरक पडत नाही. केलेल्या कामाबद्दल कुणी ज्वारीचं पोतं आणून टाकलं तरी त्याची किंमत उत्पन्नात धरायची असते. यूएसडीटी मिळाले, तर त्या दिवशीच्या भावाने त्यांची रुपयांत होणारी किंमत हे धंद्याचं उत्पन्न. इथवर नेहमीचाच कर. पण ते यूएसडीटी विकून रुपये करायला गेलात की २०२२ च्या वित्त कायद्याने आणलेला दुसरा हिशोब सुरू होतो. मधल्या काळात भाव वाढला असेल तर त्या वाढीवर ३० टक्के, वर सेस. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा करता येत नाही. आणि तोटा झाला, तर तो धंद्याच्या नफ्यातूनच काय, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही वजा होत नाही. म्हणजे ज्याचं उत्पन्न एका ओळीत दाखवून भागत होतं, त्याला आता प्रत्येक बिलामागे मिळाल्याची तारीख, त्या दिवसाचा भाव, विकल्याची तारीख आणि विकल्याचा भाव लिहून ठेवावा लागणार.

आता जीएसटी. मेसेज लिहिणाऱ्याने या बाजूला पाहिलंच नसावं, कारण परदेशी गिऱ्हाईक असलेल्याला खरा फटका इथेच बसतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला दिलेली सेवा निर्यात ठरली तर तिच्यावर कर शून्य. आपण एलयूटी, म्हणजे कर न लावता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरतो, १८ टक्के न लावता बिल देतो. पण निर्यात कशाला म्हणायचं हे आयजीएसटी (राज्याबाहेरच्या आणि परदेशी व्यवहारांचा जीएसटी) कायद्याच्या कलम २(६) मध्ये लिहिलंय. त्यातल्या अटींपैकी एक अशी की सेवेचा मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात मिळाला पाहिजे, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत. डॉलर, युरो, पौंड चालतात. यूएसडीटी डॉलरच्या भावाला बांधलेलं असलं तरी ते डॉलर नाही, कुठल्याच देशाचं चलन नाही. अट मोडली की निर्यात मोडली. मग त्याच ४०,००० वर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये. हे बर्लिनवाला देणार नाही, त्याला दिलेल्या बिलात ते नव्हतेच. ते भावाच्या खिशातून जाणार, उशीर झाला तर व्याजासकट.

जीएसटीची नोंदणी नसलेल्या, २० लाखांच्या आतल्या सेवा देणाऱ्याला हा फटका लगेच बसत नाही, हे मान्य. भावाची नोंदणी आहे. आणि त्याच्यासारखी नोंदणी असलेली, घरातल्या एका खोलीतून परदेशाची कामं करणारी मुलं सांगली-कोल्हापूर-नाशिकला किती आहेत ते मी रोज बघते. कर वाचतो म्हणून त्यांना हे विकलं जातंय आणि होणार उलटं, याचा मला संताप आहे.

गिऱ्हाईक पुण्याचं असलं तरी सुटका नाही. त्याने क्रिप्टो दिलं म्हणजे कायद्याच्या नजरेत त्याने ते तुम्हाला विकलं आणि तुम्ही बदल्यात सेवा दिली. वर्षाची रक्कम मर्यादेच्या वर गेली, म्हणजे कुणाला १०,०००, छोट्या उलाढालीच्या व्यक्तीला ५०,०००, की १ टक्का टीडीएसची जबाबदारी क्रिप्टो घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. मोबदला रोख नसून सेवेच्या रूपात असल्याने, सेवा देण्याआधी तो कर भरला गेलाय याची खात्रीही तुम्हीच करायची. होस्टिंगचं बिल फाडणाऱ्याने गिऱ्हाइकाकडे कर भरल्याच्या पावतीची प्रत मागत बसायचं का?

‘बँकेला कळत नाही’ म्हणे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनंतर क्रिप्टो एक्सचेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्या, मनी लाँडरिंग कायद्याखाली आल्या आहेत. केवायसी त्यांनाही करावी लागते, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. रुपये शेवटी बँकेतच येणार आहेत, आणि कुठून आले हे विचारल्यावर दाखवायला परदेशातून रक्कम आल्याचा बँकेचा कागद नसेल.

फीबद्दल दोन गोष्टी. देशातल्या गिऱ्हाइकासाठी यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्कच नाही, त्यामुळे तिथे वाचवायचं काय? आणि क्रिप्टोची फी शून्य असती तर स्टीम या व्हिडिओ गेम विकणाऱ्या साइटने डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन घेणं बंद केलं नसतं. तेव्हा एका व्यवहाराची फी २० डॉलरच्या आसपास गेली होती. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीनेही लागणारा वेळ आणि वाढती फी ही कारणं देऊन २३ एप्रिल २०१८ ला बिटकॉइन थांबवलं. २०२४ मध्ये तेच स्ट्राइप अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांसाठी डॉलरशी बांधलेल्या नाण्यांसह परत आलं, हे खरं आहे, पण त्या व्यापाऱ्यांना आपलं कलम २(६) लागू नाही.

भावाच्या बिलाचं काय झालं तेही ऐका. बिलाने ४५० यूएसडीटी मागितले. गिऱ्हाइकाने ४५० पाठवले, त्याच्या एक्सचेंजने त्यातूनच आपली फी कापली आणि पोहोचले ४४९. सॉफ्टवेअरच्या लेखी बिल अपुरं. त्याने ‘अंशतः भरले’ म्हणून बाकीची आठवण पाठवली, दोन दिवसांनी दुसरी, मग तिसरी, आणि आठव्या दिवशी साइट बंद करण्याचा इशारा. चार वर्षांचं जुनं, कधी एक दिवस उशीर न करणारं गिऱ्हाईक. त्याचं उत्तर मी वाचलं, एकच ओळ होती: मी पूर्ण पैसे भरलेत, माझी साइट का बंद करताय? भाऊ रात्री एक वाजता माफीची मेल लिहीत बसला होता.

‘पैसे परत मागता येत नाहीत’ हे मात्र खरं. कार्डाच्या चार्जबॅकने, म्हणजे गिऱ्हाइकाने बँकेकडून पैसे परत ओढून घेतल्याने, छोटे धंदेवाले हैराण होतात, काम करून पैसे गेलेले मी पाहिलेत. पण चुकीच्या नेटवर्कवर किंवा चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कमही मग बहुधा परत येत नाही. आणि गिऱ्हाइकाला रिफंड द्यायची वेळ आली तर कोणत्या दिवसाच्या भावाने द्यायचा यावर भांडण ठरलेलं.

‘भाव वाढला तर फायदा’ म्हणणाऱ्याने २०२१ चा नोव्हेंबर आणि २०२२ चा नोव्हेंबर शेजारी ठेवून बघावेत. बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या घरातून १६,००० च्या घरात आलं होतं. डॉलरला बांधलेलं म्हणून विकलेलं टेरायूएसडी मे २०२२ मध्ये कोसळलं. पोरांचे पगार एक तारखेला द्यायचे असतात.

सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं ते रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक, ज्याने बँकांना क्रिप्टोवाल्यांना सेवा द्यायला मनाई केली होती. ती मनाई प्रमाणाबाहेर आहे एवढंच कोर्टाने धरलं, रिझर्व्ह बँकेचा अधिकार नाकारला नाही. त्या निकालाने क्रिप्टो चलन झालेलं नाही. आणि तो ‘अख्खा देश’ म्हणजे मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे बिटकॉइन घेणं सक्तीचं केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटीपायी ती सक्ती काढली.

आता भावाच्या बाजूने एक बोलते. त्याने हे हावेपोटी केलं नाही. परदेशातून छोटी रक्कम बँकेने आली की मधल्या बँका कापून घेतात, चार-पाच दिवस जातात, इथल्या शाखेत फॉर्म भरा, सही जुळत नाही म्हणून परत या. हा त्रास खरा आहे, आणि म्हणूनच असले मेसेज चालतात. पण त्यावर रस्ता आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सीमापार पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट कंपन्यांना स्वतःच्या नियमांखाली आणलं. अशा परवानाधारक कंपनीचं बटण त्याच बिलिंगमध्ये बसतं, थोडं शुल्क जातं, पण परकीय चलन आल्याचा कागद मिळतो आणि निर्यात निर्यातच राहते.

सोमवारी सकाळी आम्ही प्लगिन काढलं. बर्लिनवाल्याला सगळं खरं लिहिलं, त्याने समजून घेतलं आणि गुरुवारी बँकेतून युरो पाठवले. त्याचे ४४९ यूएसडीटी परत द्यायचे आहेत, ते कोणत्या भावाने आणि कशा नोंदीने याचा कागद मी तयार करतेय. तुमच्यापैकी कुणी एलयूटीवर बिल देऊन क्रिप्टोत पैसे घेतले असतील, तर आज ती बिलं काढा आणि तारखा बघा. परकीय चलनात पैसे यायला बिलाच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, आणि ते संपल्यावर कर भरायला पंधरा दिवस.