ट्रक ‘आपला’ कधी होतो? मिरजेच्या एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री पिंपळगावला गाडी भरत होती तेव्हा मोबाइलवर वाचली. सकाळी घरी शांतपणे पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

आधी इतर वाचकांसाठी. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ट्रक घेताना बिल्ला देशी आहे की परदेशी यावर अडून बसू नका. बंद पडलेली गाडी किती तासांत परत रस्त्याला लागते ते बघा. त्यावर दादांचं म्हणणं असं: मी परदेशी कंपन्यांची भलामण करतोय. त्यांच्या वडिलांनी 1978 साली घेतलेल्या टाटा 1210 नं सव्वीस वर्षं घर चालवलं, दोन बहिणींची लग्नं त्या गाडीवर झाली. परदेशी कंपनीचा नफा बाहेर जातो आणि धंदा बसला की ती गाशा गुंडाळते. शेवटी त्यांनी विचारलंय, ‘तुम्हाला या लेखाचे किती मिळाले?’

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. काही मिळालं नाही. माझ्या सहा गाड्या आहेत, चार देशी नावाच्या, दोन परदेशी. सगळ्या फायनान्सवर घेतल्या आणि तिघींचे हप्ते अजून चालू आहेत.

आता तुमच्या वडिलांच्या गाडीबद्दल. त्या गाडीविषयी मला तुमच्याइतकाच आदर आहे, कारण माझे वडीलही 1210 वरच ड्रायव्हर होते. तिच्या बॉनेटवर बसून मी जेवलोय. पण दादा, ती 1978 ऐवजी 1968 साली घेतली असती तर तिच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असती, मर्सिडीजची. टाटांची ट्रक बनवणारी कंपनी, जमशेदपूरची टेल्को, 1945 साली सुरू झाली ती रेल्वेची इंजिनं करायला. ट्रकसाठी तिनं 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. 1969 मध्ये तो संपला, चांदणी उतरली आणि टाटांचा ‘टी’ लागला. गाडी मात्र त्याच मुळाची राहिली. 1210 हा आकडासुद्धा जर्मन पद्धतीचा: 12 म्हणजे गाडी आणि माल मिळून साधारण बारा टन, 10 म्हणजे साधारण शंभर हॉर्सपॉवर. पुढे 1612, 2515, आणि आपली चारशेसात, सगळी नावं त्याच हिशेबानं पडली.

हे सांगून टाटांना कमी लेखायचं नाही. उलट, त्यांचं खरं कर्तृत्व मला इथंच दिसतं. चांदणी उतरल्यावर गाडी बंद पडली नाही. तिचा एकेक भाग इथं ओतला गेला, घडला, कापला गेला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक तालुक्याला ती गाडी उघडणारा मिस्त्री तयार झाला. माझ्या डोळ्यांसमोर अजून एक दृश्य आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. चांदवडच्या अलीकडे वडिलांची गाडी बसली. मिस्त्री सायकलवर आला, मागे पत्र्याची पेटी. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरलं, त्यावर पाने आकारानं ओळीत मांडले आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उतरवला. नॉझल तोंडापुढं धरून त्यानं डिझेलचा फवारा बघितला. ‘फवारा धुरासारखा पाहिजे, धारेसारखा नको,’ असं मला सांगितलं. संध्याकाळी गाडी घाट चढत होती.

त्या पंपावर ‘मायको’ लिहिलेलं होतं. आम्हा नाशिककरांना मायको म्हणजे सातपूरचा कारखाना आणि मायको सर्कल. निम्म्या गल्लीतली माणसं तिथं कामाला. मायको ही बॉश या जर्मन कंपनीची इथली कंपनी, हे मला कितीतरी उशिरा कळलं. तेव्हा तो पंप देशी होता की परदेशी? मिस्त्रीनं तो रस्त्यावर खोलला, लागणारी वायसर त्याच्या पेटीत होती, नॉझल आमच्याच शहरात बनत होता. माझ्या लेखी तो पंप आपला होता.

आपली भाषाच बघा. गावाकडं छोट्या मालगाडीला आपण ‘टेम्पो’ म्हणतो. टेम्पो हे एका जर्मन कंपनीच्या तीनचाकीचं नाव. फिरोदियांनी 1958 मध्ये ‘बजाज टेम्पो’ सुरू केली आणि ते नाव आपल्या तोंडी असं बसलं की भाड्याच्या कुठल्याही छोट्या गाडीला आता तेच म्हणतात. ‘आयशर भरून कोबी गेला’ म्हणतो, ते आयशर हे बव्हेरियात ट्रॅक्टर बनवणाऱ्या भावांचं आडनाव. लेलँड हे इंग्लंडमधल्या गावाचं नाव; त्याच्या आधी लागलेला अशोक हा मद्रासला कंपनी काढणाऱ्या रघुनंदन सरन यांचा मुलगा. यातलं एकही नाव आज परकं वाटत नाही, कारण या गाड्या इथल्या रस्त्यावर झिजल्या आणि इथंच दुरुस्त झाल्या.

म्हणून बिल्ल्यावरून निवाडा करू नका, असं मी लिहिलं. पण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट माझ्या लेखात यायला हवी होती आणि आली नाही. परदेशी कंपनी गाशा गुंडाळते, हे खरं आहे. आमच्या पुण्याच्या फोर्स मोटर्सबरोबर (पूर्वीची बजाज टेम्पो) जर्मनीची मॅन कंपनी आली, पीथमपूरला कारखाना झाला, पुढे सगळा कारभार मॅननं स्वतःकडे घेतला आणि 2018 मध्ये भारतातून जायचं जाहीर केलं. महिंद्रांबरोबर 2005 मध्ये आलेली अमेरिकेची नेव्हिस्टारही काही वर्षांत बाहेर पडली. महिंद्रांनी तो धंदा चाकणहून स्वतः चालू ठेवला म्हणून त्या गाड्यांना वाली राहिला. दूर बसलेल्या मुख्य कचेरीत एक बैठक होते आणि इथं ज्यानं पाच वर्षांचं कर्ज काढलंय त्याची गाडी एका दिवसात सेकंडहँडला कवडीमोल होते. हा धोका मी कमी लेखला होता. तुमचं बरोबर आहे.

पण त्याच तराजूत भूजची एएमडब्ल्यू ही ट्रक कंपनीही टाका. भारतीय मालक, मोठा कारखाना, खाणीत आणि बांधकामावर गाड्या दिसायच्या. ती कंपनी बुडाली, प्रकरण दिवाळखोरीत गेलं. ज्यांच्याकडं तिच्या गाड्या होत्या ते पार्टसाठी भंगारबाजार पालथा घालत होते. मालक देशी असल्याचा त्यांना काय उपयोग झाला? म्हणजे विचारायचा प्रश्न असा की ही कंपनी दहा वर्षांनी इथं असेल का, आणि नसली तरी हिचे पार्ट बाजारात मिळतील का. रस्त्यावर ज्या गाड्या लाखांनी आहेत त्यांचे पार्ट कंपनीवर अवलंबून राहत नाहीत, हा टाटा-लेलँडचा मोठा फायदा आहे आणि तो मी मान्य करतो.

1980 च्या दशकातही हेच घडलं. टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी अशा चार जपानी कंपन्यांशी करार करून इथं हलके ट्रक निघाले. गाड्या सफाईदार होत्या. टाटांनी 1986 मध्ये 407 आणली. आपला माणूस पासिंगपेक्षा जास्त माल भरणार, रस्ता फुटलेला असणार आणि दुरुस्ती कुठल्याही फाट्यावर होणार, हे धरून बनवलेली गाडी होती ती. टोयोटा आणि निसानचे ते ट्रक आज कुठं दिसतात? ज्याला इथला रस्ता माहीत आहे त्याची गाडी टिकते. मित्सुबिशीच्या कँटरवर उभी राहिलेली आयशर तगली, कारण तिनंही हा रस्ता शिकून घेतला.

आता ज्या अनुभवातून मी तो लेख लिहिला, तो सांगतो. गाडी कोणत्या कंपनीची, देशी की परदेशी, हे मुद्दाम लिहीत नाही. डिसेंबरात लाल कांदा भरून गाडी तामिळनाडूला निघाली होती. चित्रदुर्गच्या पुढे पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेना. इंजिन चालू, आवाज ठीक, पण पाय दाबला तरी ताशी वीसच्या वर जाईना. ड्रायव्हरनं फोन केला, ‘शेठ, युरियाचं काहीतरी दाखवतंय.’ नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागतं, त्याबद्दल तो बोलत होता. हिरियूरचा मिस्त्री आला, बॉनेटखाली बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, माझ्या हातातलं काम नाही, लॅपटॉपवाला बोलवा. लॅपटॉपवाला दुसऱ्या दिवशी आला. सायलेन्सरकडचा एक सेन्सर गेला होता, माझ्या मुठीत मावेल एवढी वस्तू. ती जवळच्या डेपोत नव्हती.

चौथ्या दिवशी सेन्सर आला. तोवर ड्रायव्हरनं दिवसा ताडपत्री उघडायची, रात्री दवाला झाकायची असं केलं. लाल कांद्याला दम नसतो, तो उन्हाळ कांद्यासारखा थांबत नाही. तिसऱ्या दिवशी हौद्याच्या फळ्यांतून काळपट पाणी गळायला लागलं. त्यानं मला व्हिडिओ पाठवला. खालच्या थराच्या गोण्या बसल्या होत्या, वरच्यांना कोंब दिसत होते. शेतकऱ्याचा माल होता दादा, हुंडेकऱ्याचा नव्हे. खाली करताना व्यापाऱ्यानं जी कटती लावली त्यातलं निम्मं मी भरलं, कारण त्या शेतकऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायचं होतं.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि तेव्हापासून गाडी निवडायची रीतच बदलली. वडिलांची 1210 पान्यानं उघडत होती. आजची टाटा असो, लेलँड असो, भारतबेंझ असो, ती आधी लॅपटॉपनं उघडते. त्यामुळं 1210 ची सव्वीस वर्षं आजच्या गाडीच्या हिशेबात धरता येत नाहीत, त्याच कंपनीच्या गाडीलासुद्धा. हवा स्वच्छ राहिली पाहिजे, नियम योग्यच आहे. पण भरवशाचा अर्थ आता तुमच्या लाइनवर लॅपटॉपवाला किती अंतरावर आहे आणि सेन्सर कुठल्या डेपोत आहे, इथवर आलाय.

नफ्याचं थोडक्यात. भारतबेंझ चेन्नईजवळ ओरगडमला बनते. मालक जर्मन, कामगार आणि सुट्या भागांचे कितीतरी पुरवठादार इथले. टाटांच्या अनेक गाड्यांतलं इंजिन कमिन्सचं, टाटा आणि अमेरिकेच्या कमिन्सच्या भागीदारीतलं; त्यांचा एक कारखाना आपल्या फलटणला आहे. मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये घडलेले क्रँकशाफ्ट आणि पुढचे ॲक्सल अमेरिका-युरोपच्या ट्रकखाली धावतात. 2004 मध्ये टाटांनी कोरियातली देवूची ट्रक कंपनी विकत घेतली. तिथला कामगार त्या ट्रकला परदेशी म्हणेल का? नफा कुठं जातो हा प्रश्न खरा आहे, पण पगार कुठं होतो, भाग कुठं घडतो आणि कसब कुणाच्या हातात राहतं हेही मोजायला हवं. सगळी पेटी बाहेरून आणून इथं नुसते बोल्ट आवळणारी कंपनी असेल, तर तिला माझाही विरोध आहे. तिचा ट्रक मी घेणार नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगा पहिली गाडी घेतोय, दहा टायर, मिरज-हुबळी-बेंगळुरू लाइनवर. त्याला माझ्या लेखामुळं चुकीची दिशा मिळू नये, म्हणून स्पष्ट सांगतो: एकच गाडी असेल तर टाटा किंवा लेलँड घ्या. एक गाडी चार दिवस थांबली तर घरच थांबतं, आणि या दोघांचा पार्ट त्या रस्त्यावर सगळ्यात लवकर मिळण्याची शक्यता आहे. परदेशी नावाची गाडी माझ्याकडं डिझेलला आणि ड्रायव्हरच्या आरामाला चांगली निघाली, पण ती मी चौथी गाडी म्हणून घेतली. एक थांबली तर बाकीच्या हप्ता भरत होत्या.

बुकिंगच्या आधी मुलाला शोरूममध्ये पाठवू नका. ज्या ड्रायव्हरला गाडी द्यायची त्याला घेऊन एक दिवस लाइनवर पाठवा. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, प्रत्येक ठिकाणी पार्टच्या काउंटरवर तीनच वस्तू विचारायच्या: क्लच प्लेट, पुढच्या चाकाचं बेअरिंग आणि नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातले घातक वायू मोजणारा सेन्सर. आता आहे का, नसला तर कधी येईल आणि भाव काय. काउंटरवाला ‘लोकल देऊ का?’ म्हणाला तर लिहून ठेवा. आपल्या बाजारात ‘लोकल’ म्हणजे नकली, हा शब्द असा वापरला जातो याचं मला वाईट वाटतं, पण सेन्सर मात्र लोकल घालू नका. मग सर्व्हिस सेंटरला रात्री दहानंतर फोन करा आणि कोण उचलतं ते बघा. फायनान्सवाल्याला विचारा की पाच वर्षांनी याच मॉडेलवर तो किती कर्ज देईल. तो आकडा सेल्समनच्या ब्रोशरपेक्षा खरा असतो.

चारही गावांची वही भरली की फोटो काढून इथंच पाठवा. दावणगिरीचा काउंटर माझ्या ओळखीचा आहे, तिथला सेन्सरचा भाव जास्त लावलेला वाटला तर मी फोन करून बोलतो. आणि वडिलांच्या 1210 चा एखादा फोटो असेल तर तोही जोडा. तिचा हौदा कुणी बांधला होता, ते मला बघायचंय.