फळ्यावरचं उतरवून घेणं हे लेखन नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवताना मला सगळ्यात जास्त फसवलं ते मुलांच्या सुंदर अक्षराने. वह्या भरलेल्या, काना-मात्रा जागच्या जागी. पण "काल घरी काय झालं ते लिही" म्हटलं की पेन्सिल थांबायची. अनुलेखनात, म्हणजे समोरचं बघून उतरवण्यात, हात तयार होतो, एवढंच. मनातलं कागदावर उतरवायची सवय त्याने लागत नाही.

वाचनाचंही तेच. अख्खा वर्ग एका सुरात धडा म्हणत होता. एका मुलीला मी ओळीच्या मधल्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, तर ती ओळ पहिल्यापासून म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आली. धडा पाठ होता! तेव्हापासून रोज चार-पाच मुलांना एकेकटं जवळ बसवून वाचून घेते. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं पुरतात. 'असर' या ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २००५ पासून मुलांना असंच एकेकटं वाचायला देतात: अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. वर्गात हे रोज व्हायला हवं.

आधी सगळी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी, मग शब्द, हा क्रम मला पटत नाही. त्यात मूल कित्येक महिने अर्थाचं काही वाचतच नाही. क, म, ल, र आणि लगेच काना दिला की पहिल्याच आठवड्यात 'मामा, काम कर' वाचता येतं. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी अशा अक्षरगटांवर, म्हणजे थोडी अक्षरं आणि स्वरचिन्हं एकत्र शिकवण्यावर, केलेलं काम प्रत्येक नव्या शिक्षकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. ऱ्हस्व वेलांटी मात्र मी उशिरा घेते. ती कागदावर अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. मूल तिथे अडखळतं, आणि आपण त्याला 'कच्चं' ठरवून मोकळे होतो.

लेखनाची सुरुवात मी मुलांच्या बोलण्यातून करते. एक मुलगा सकाळी धावत आला, "बाई, आमची म्हस याली!" मी तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. त्या दिवशी ते वाक्य वाचायला कुणालाच सांगावं लागलं नाही. 'म्हैस व्याली' नंतर शेजारी लिहिलं, दोन्ही वाचली, फरक मुलांनीच शोधला. पहिल्याच दिवशी 'म्हस' खोडली असती तर तो मुलगा पुन्हा घरचं काही सांगायला आला असता का? पुढच्या आठवड्यात त्याने पाटीवर स्वतः लिहिलं, 'रेडकु मला चाटत'. कू दीर्घ हवा, 'चाटतं'वर अनुस्वार हवा, ते मलाही दिसलं. त्या दिवशी दुरुस्त केलं नाही.

वहीत लाल खुणा नाहीत म्हणून पालक विचारायला येतात. त्यांची काळजी खरी आहे. मी मुलालाच बोलावते आणि त्याचं वाक्य त्याच्याकडून वाचून घेते. शुद्धलेखन दुसरीत हळूहळू घेते, एका वेळी एकच चूक.

पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारायचंय: तुम्ही जोडाक्षरं कधी आणता? 'म्ह' आमच्याकडे म्हशीमुळे फारच लवकर आला, आणि मुलांना जड गेला नाही.